जठराचा आरंभीचा कर्करोग आणि एकसंध तुकड्याचा आग्रह

मी पॅथॉलॉजिस्ट आहे; जठरातून दुर्बिणीने काढलेला कर्करोग तपासणीसाठी माझ्या टेबलावर दोन प्रकारे येतो. कधी थर्मोकोलच्या चौकोनावर अस्तराचा एक गोलसर पापुद्रा हलक्या हाताने ताणून, कडेने बारीक टाचण्या लावून पक्का केलेला असतो. अन्ननलिकेकडची बाजू कोणती आणि आतड्याकडची कोणती हे शेजारी पेन्सिलीने लिहिलेले असते, आणि तो सगळा चौकोन फॉर्मॅलिनमध्ये पालथा तरंगत असतो. कधी मात्र प्लास्टिकच्या डबीत पाच-सहा तुकडे येतात. त्यांच्या कडा आत वळलेल्या असतात, काही ठिकाणी विजेच्या तापाने ते काळपट पडलेले असतात, वरची बाजू कोणती आणि खालची कोणती हेही सांगता येत नाही, आणि सोबतच्या कागदावर ‘जठरातील गाठ, पूर्ण काढली’ एवढाच मजकूर असतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका डबीचा माझा रिपोर्ट घेऊन रुग्णाची मुलगी मला भेटायला आली. रिपोर्टमध्ये मी लिहिले होते की कर्करोग आहे, दिसतो तेवढा तो अस्तरापुरता मर्यादित आहे, कडांविषयी मत देता येत नाही. तिने विचारले, ‘मॅडम, म्हणजे बाबांचं सगळं निघालंय की नाही?’ मला उत्तर देता आले नाही. काढलेला प्रत्येक तुकडा मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. पण ते तुकडे जठरात एकमेकांना कसे लागून होते, कोणती कड बाहेरची आणि कोणती दोन तुकड्यांमधली, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते. ज्या डॉक्टरांनी ते काढले त्यांचा हेतू चांगलाच होता. तरीही त्या मुलीला मिळायला हवे होते ते उत्तर त्या दिवशी कायमचे हरवले होते.

या दोन प्रकारच्या नमुन्यांमागे दोन तंत्रे आहेत. ज्यात बऱ्याचदा तुकडे येतात त्याला ईएमआर म्हणतात, म्हणजे एन्डोस्कोपिक म्यूकोझल रिसेक्शन, आणि ज्यात एकसंध पापुद्रा येतो त्याला ईएसडी, म्हणजे एन्डोस्कोपिक सबम्यूकोझल डिसेक्शन. त्यांची तुलना बहुधा किती वेळ लागला, किती रक्त गेले, जठराला भोक पडले का, अशा मापांनी केली जाते. ही मापे महत्त्वाची आहेतच. पण मला असे वाटते की पहिला प्रश्न वेगळा असायला हवा : हाती आलेल्या तुकड्यावरून रुग्णाला पुढे काय करायचे ते सांगता येते का? हा प्रश्न आधी विचारला, तर जठराच्या आरंभीच्या कर्करोगासाठी एकसंध तुकडा ही किमान अपेक्षा ठरते. जिथे तो मिळवण्याची तयारी नाही तिथे कर्करोगाच्या चट्ट्याला हात न लावता रुग्णाला पुढे पाठवणे हे डॉक्टरचे कर्तव्य ठरते. आणि ईएसडी प्रत्येक जिल्ह्यात सुरू करण्याऐवजी मोजक्या केंद्रांत एकवटणे शहाणपणाचे ठरते.

आरंभीचा कर्करोग म्हणजे काय, याची व्याख्या जपानी तज्ज्ञांनी १९६२ मध्ये केली. जठराची भिंत थरांची असते : आत अस्तर, त्याखाली एक विसविशीत थर, त्याखाली स्नायू. कर्करोग पहिल्या दोन थरांच्या पलीकडे गेलेला नसेल, तर लसिकाग्रंथींत (रोग पसरताना आधी जिथे पोहोचतो अशा जवळच्या बारीक गाठींत) तो पोहोचला असो वा नसो, त्याला आरंभीचा म्हणायचे, असे त्यांनी ठरवले. तोवर, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, अशा कर्करोगाला जठराचा मोठा भाग किंवा संपूर्ण जठर कापून काढणे हाच उपाय होता. जठर गेलेल्या माणसाचे पुढचे आयुष्य ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना त्याची किंमत माहीत असते : चार घास खाल्ले की पोट भरते, जेवणानंतर घाम येतो, छाती धडधडते, वजन उतरते, आणि संपूर्ण जठर काढले असेल तर बी-१२ चे इंजेक्शन जन्मभर सुटत नाही.

दुर्बिणीतून काढण्याची वाट जपानमध्येच उघडली. १९८४ मध्ये तिथे मांडल्या गेलेल्या पद्धतीत चट्ट्याखाली सलाइन टोचून अस्तर फुगवायचे, चिमट्याने ते वर उचलायचे आणि तारेचा फास आवळून विजेने कापायचे, असा क्रम होता. नव्वदच्या दशकात दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी बसवून त्यात अस्तर ओढून घेण्याची, तसेच रबरी कडे चढवून मग फास टाकण्याची पद्धत आली. ही सारी ईएमआरची रूपे. काम झटपट होते आणि हात लवकर बसतो, पण फासाची एक मर्यादा असते. त्यात साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतच एका वेळी मावते, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. चट्टा मोठा असेल, सपाट असेल किंवा त्यावर जुन्या व्रणाचा वण असेल, तर तो तुकड्यातुकड्यांनीच निघतो.

या मर्यादेवर टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात उपाय निघाला. विजेच्या सुरीच्या टोकाला चिनी मातीचा बारीक गोळा बसवला, म्हणजे टोक स्नायूत रुतून भोक पाडणार नाही आणि मधली धार कापत राहील. आधी चट्ट्याभोवती खुणा करायच्या, मग खुणांच्या बाहेरून अस्तराला गोल छेद द्यायचा, आणि शेवटी खालच्या विसविशीत थरातून सुरी आडवी चालवत, दिसेल ती रक्तवाहिनी शेकत शेकत, सगळा चट्टा सोलून काढायचा. हीच ईएसडी. पुढे निरनिराळ्या आकारांच्या सुऱ्या आल्या, आणि २००६ मध्ये जपानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात जठराच्या ईएसडीचा समावेश झाला. चट्टा केवढा आहे याचे बंधन त्यामुळे जवळजवळ उरले नाही.

आता पुन्हा माझ्या टेबलाकडे येते. टाचण्यांनी ताणलेल्या पापुद्र्याचे मी दोन-दोन मिलिमीटरच्या अंतराने समांतर काप घेते, प्रत्येक कापाला क्रमांक देते आणि आधी काढलेल्या फोटोवर त्या रेघा आखते. त्यामुळे कोणत्या स्लाइडवर कर्करोग दिसला आणि तो जठरात नेमका कुठे होता, हे नकाशावर गाव दाखवावे तसे दाखवता येते. मग पाच गोष्टी पाहायच्या असतात : कर्करोगाच्या पेशी कोणत्या जातीच्या आहेत, चट्टा केवढा आहे, त्यात व्रण आहे का, तो किती खोल गेला आहे, आणि रक्ताच्या किंवा लसिकेच्या बारीक वाहिन्यांत त्याच्या पेशी शिरल्या आहेत का. यांशिवाय बाजूची आणि तळाची कड मोकळी आहे का, हे वेगळे पाहावे लागते.

या पाच गोष्टींचे वजन कुठून आले, हे सांगायला हवे. २००० साली टोकियोच्या दोन मोठ्या रुग्णालयांतल्या ५,२६५ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. या सर्वांचे जठर आरंभीच्या कर्करोगासाठी लसिकाग्रंथींसह कापले गेले होते, त्यामुळे कोणाच्या ग्रंथींत रोग पोहोचला होता आणि कोणाच्या नाही हे नक्की माहीत होते. त्यात असे दिसले की ग्रंथीसारखी रचना टिकवून असलेल्या पेशींचा, अस्तरापुरता, तीन सेंटिमीटरपर्यंतचा आणि वाहिन्यांत न शिरलेला कर्करोग ज्या १,२३० जणांना होता, त्यांतल्या एकाच्याही लसिकाग्रंथींत तो नव्हता. विसविशीत थरात अर्ध्या मिलिमीटरहून कमी शिरलेल्या, तीन सेंटिमीटरपर्यंतच्या तशाच कर्करोगांतही हेच आढळले. ग्रंथींत रोग नसेल तर फक्त चट्टा काढणे पुरते; म्हणून कोणाचे जठर वाचवता येईल याची आजची बरीचशी गणिते या कामावर उभी आहेत. पुढे जपानमधील अनेक रुग्णालयांनी मिळून अशा विस्तारित, म्हणजे आधीच्याहून सैल केलेल्या, निकषांत बसणाऱ्या ४७० रुग्णांवर ईएसडी करून त्यांचा पाठपुरावा केला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाच वर्षांनी ९७ टक्के रुग्ण हयात होते.

निर्णय अर्ध्या मिलिमीटरवर येऊन ठेपतो, हे मला वाचकांच्या मनावर ठसवायचे आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या अलीकडे असलेला माणूस घरी जातो आणि वर्षातून एकदा दुर्बीण घालून घेतो. पलीकडे गेलेल्याला जठराच्या शस्त्रक्रियेचा सल्ला द्यावा लागतो. फासाचा काप नेमका कर्करोगाच्या सर्वांत खोल जागेतून गेला असेल, तर ती जागा दोन तुकड्यांच्या जळलेल्या कडांत विभागली जाते आणि ते अर्धे मिलिमीटर मोजणारा जगात कोणी नसतो. मग दोनच पर्याय उरतात : कदाचित गरज नसताना जठर काढायचे, किंवा कदाचित गरज असताना थांबून राहायचे. निकषांबाहेर गेलेल्या रुग्णांची नंतर शस्त्रक्रिया केली जाते तेव्हाही दहांपैकी सुमारे नऊ जणांच्या ग्रंथी निरोगी निघतात. म्हणजे नमुना चांगला असतानाही आपण पुष्कळांचे जठर सावधगिरीपोटी काढतो. नमुनाच वाचता येत नसेल, तर या सावधगिरीलाही काही आधार उरत नाही.

आकडेही याच दिशेने बोलतात. दोन्ही तंत्रांच्या तुलनेचे एकत्रित निष्कर्ष पाहिले, तर ईएसडीने दहांपैकी नऊहून अधिक चट्टे एकसंध निघतात आणि ईएमआरने साधारण निम्मे. त्याच जागी रोग पुन्हा उगवण्याचे प्रमाण ईएसडीनंतर सुमारे एक टक्का आहे, तर ईएमआरनंतर पाच-सहा टक्के. उलट जठराला भोक पडण्याचे प्रमाण ईएसडीत चार-पाच टक्के आणि ईएमआरमध्ये एक टक्क्याच्या आसपास आढळले आहे. वेळही ईएसडीला पुष्कळ जास्त लागतो. रक्तस्रावाच्या बाबतीत दोहोंत ठळक फरक दिसत नाही.

या आकड्यांवर जो आक्षेप घेतला जातो तो मी हलका मानत नाही. या तुलनेतले अभ्यास प्रामुख्याने जुन्या नोंदींवरून केलेले आहेत; चिठ्ठ्या टाकून रुग्णांची दोन गटांत विभागणी झालेली नाही. ईएमआर केलेले बरेच रुग्ण आधीच्या काळातले आहेत, ईएसडीचे रुग्ण अधिक चांगल्या दुर्बिणींच्या काळातले. शिवाय ईएमआरने बरे झालेले रुग्ण काही थोडे नाहीत. ओसाकातून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात लहान, अस्तरापुरत्या कर्करोगासाठी ईएमआर केलेल्यांपैकी दहा वर्षांत जठराच्या कर्करोगाने दगावलेले एक टक्क्याच्या घरात होते. याचा अर्थ मी असा घेते की नीट निवडलेल्या लहान चट्ट्यासाठी ईएमआर हे वाईट तंत्र नव्हे. युरोपातील एन्डोस्कोपी तज्ज्ञांच्या संस्थेनेही बहुतेक जठर-चट्ट्यांसाठी ईएसडीच सुचवताना, एक सेंटिमीटरच्या आसपासच्या, किंचित उंचावलेल्या आणि कर्करोगाची शक्यता फार कमी वाटणाऱ्या चट्ट्यांसाठी ईएमआरला जागा ठेवली आहे. मला ही मर्यादा रास्त वाटते, कारण तेवढा चट्टा फासात अखंड येतो. त्याहून मोठ्या चट्ट्याला फास लावताना ‘बघू, येईल तेवढे काढू’ असा जो विचार होतो, त्याला माझा विरोध आहे.

ईएसडीतल्या भोकाची भीती आज पूर्वीइतकी उरलेली नाही, हेही इथे नोंदवायला हवे. काम चालू असताना पडलेले भोक बहुतेक वेळा तिथल्या तिथे धातूच्या क्लिपांनी बंद करता येते आणि पोट उघडावे लागत नाही. मागे जो मोठा व्रण राहतो तो आम्ल कमी करणाऱ्या औषधांनी साधारण आठ आठवड्यांत भरून येतो. नंतर रक्तस्राव होण्याचा धोका सुमारे पाच टक्के असतो आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत तो वाढतो. तंत्रातही लहान लहान सुधारणा होत असतात. दात साफ करण्याचा साधा दोरा क्लिपला बांधून चट्ट्याची कड तोंडाच्या दिशेने ताणून धरली, की खालचा थर उघडा पडतो आणि सुरी कुठे चालली आहे ते स्पष्ट दिसते. जपानमध्ये सहाशेहून अधिक रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून याची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. एकंदर वेळेत फारसा फरक पडला नाही. पण जठराच्या वरच्या आणि मधल्या भागातील मोठ्या वळणावर, जिथे काम सर्वांत अवघड असते, तिथे सरासरी १०४ मिनिटांचे काम ५७ मिनिटांवर आले, आणि भोक पडण्याचे एकंदर प्रमाणही २.२ वरून ०.३ टक्क्यावर उतरले. एका दोऱ्याने एवढे साधावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

पण तो दोरा बांधणाऱ्याचा हात आधी शेकडो वेळा त्या जागी गेलेला असावा लागतो, आणि आपल्याकडची खरी अडचण इथे आहे. ईएसडी शिकणाऱ्याने माणसाला हात लावण्याआधी प्राण्यांच्या जठरावर किमान वीस वेळा सराव करावा, असे युरोपातील अभ्यासक्रम सांगतो. जपानमध्ये जठराच्या खालच्या भागातील सोप्या चट्ट्यांपासून, अनुभवी डॉक्टरच्या देखरेखीखाली सुरुवात करतात. त्यांना हे जमते, कारण त्यांच्याकडे तसे चट्टे सापडतात. जपानमध्ये जठराच्या कर्करोगाचे निम्म्याहून अधिक रुग्ण आरंभीच्या अवस्थेत ओळखले जातात. दक्षिण कोरियात चाळिशीपुढच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी जठराच्या तपासणीची सोय आहे. भारतात वर्षाला सुमारे ६०,००० जणांना हा कर्करोग होतो; त्याचे सर्वाधिक प्रमाण मिझोराममध्ये आहे, महाराष्ट्रात ते त्यामानाने पुष्कळ कमी आहे, आणि बहुसंख्य रुग्ण येतात तेव्हा रोग भिंतीच्या पार गेलेला असतो. म्हणजे ईएसडीला योग्य असे चट्टे आपल्याकडे आधीच थोडे. ते थोडे चट्टे वीस शहरांतल्या वीस डॉक्टरांत वाटले गेले, तर कोणाचाच हात बसणार नाही, आणि प्रत्येकाची शिकण्याची वर्षे रुग्णांच्या जठरावर खर्च होतील.

यावर एक सहकारी मला म्हणाले होते, ‘सगळं मुंबईला नेऊन ठेवलंत तर गडचिरोलीच्या माणसानं काय करायचं?’ प्रश्न खरा आहे. पण अस्तरापुरता असलेला कर्करोग काही आठवड्यांत उडी मारत नाही. तो बहुधा महिने-वर्षे त्याच थरात राहतो. प्रवासाला वेळ आहे. हृदयविकाराच्या झटक्यासारखी ही घाई नाही. गडचिरोलीच्या माणसाला एकदा मुंबईला किंवा नागपूरच्या एखाद्या तयारीच्या केंद्रात येण्याचा, तिथे चार-पाच दिवस राहण्याचा खर्च सरकारी योजनेने उचलावा. त्याच्या जिल्ह्यात महागडी सुरी विकत घेऊन ठेवण्यापेक्षा तो खर्च कमी पडेल आणि त्याचे जठर वाचण्याची शक्यता वाढेल. देशभरातील कर्करोग रुग्णालयांना जोडणारे राष्ट्रीय कर्करोग ग्रिड टाटा मेमोरियल रुग्णालयातून चालवले जाते. फोटो आणि स्लाइड आधी तिकडे पाठवून, रुग्णाने यायचे की नाही हे ठरवण्यासाठी त्या जाळ्याचा उपयोग करावा, अशी माझी सूचना आहे. आणि योजनेचे पैसे देताना एक अट असावी : केंद्राने प्रत्येक ईएसडीची नोंद ठेवावी, त्यात चट्टा एकसंध निघाला का, कडा मोकळ्या होत्या का, भोक पडले का, हे असावे, आणि ती नोंद दरवर्षी जाहीर करावी.

पॅथॉलॉजिस्टबद्दल मी माझ्याच लोकांशी थोडे कठोर बोलायला हवे. सुंदर ताणून पाठवलेला पापुद्रा आमच्यातल्या कोणी मधोमध दोनदा कापून दोन स्लाइडवर रिपोर्ट दिला, तर दोन तास राबलेल्या डॉक्टरचे कष्ट आम्ही मातीत घालतो. केंद्रे मोजकी असावीत असे म्हणण्यामागे हेही एक कारण आहे. ईएसडी म्हणजे एक डॉक्टर आणि एक सुरी एवढेच नसते. त्यामागे भूलतज्ज्ञ, टाचण्या लावायला शिकलेली परिचारिका, समांतर काप घेणारा पॅथॉलॉजिस्ट आणि गरज पडल्यास त्याच इमारतीत हजर असलेला शल्यविशारद लागतो.

आता या सगळ्याआधीची गोष्ट. चट्टा सापडलाच नाही, तर कोणते तंत्र चांगले या चर्चेचा उपयोग नाही. आपल्या घरांत पोटात जळजळले, मळमळले की ‘पित्त झालंय’ म्हणतात आणि औषधाच्या दुकानातून आम्लाची गोळी आणतात. महिनोन्‌महिने ती चालू राहते. या गोळीने कर्करोगातला व्रणसुद्धा वरवर भरून येऊ शकतो, आणि मग दुर्बिणीत तो नजरेतून सुटतो. महाराष्ट्रात जपानसारखी सरसकट तपासणी करावी असे मी म्हणणार नाही, आपल्याकडचे प्रमाण त्याला पुरेसे नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला पोटाची तक्रार नव्याने सुरू झाली असेल, वजन किंवा हिमोग्लोबिन उतरत असेल, तर गोळी सुरू करण्याआधी दुर्बीण घातली जावी, आणि ती घाईत घातली जाऊ नये. सिंगापूरच्या एका अभ्यासात, जठर पाहायला सरासरी सात मिनिटांहून अधिक वेळ देणाऱ्या डॉक्टरांना धोक्याचे चट्टे भरभर पाहणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक सापडले होते. फेस घालवणारे औषध आधी पाजणे, अस्तर पाण्याने स्वच्छ धुणे, संशय आला तर निळा रंग फवारणे, याला नवे यंत्र लागत नाही.

आणि असा चट्टा जिल्ह्याच्या गावी सापडला, तर तिथल्या डॉक्टरच्या हातात फार मोठी गोष्ट असते. त्याने काय केले यापेक्षा काय केले नाही, यावर पुढचे बरेच अवलंबून राहते. फास लावून अर्धवट काढलेल्या, दहा ठिकाणी चिमटा घेतलेल्या किंवा खाली शाई टोचलेल्या जागी विसविशीत थर चिकटून घट्ट होतो. मग सलाइन टोचले तरी अस्तर उचलत नाही आणि अनुभवी हातालाही सुरी चालवणे जड जाते. म्हणून अशा चट्ट्याचे दुरून आणि जवळून स्वच्छ फोटो घ्यावेत, सर्वांत संशयास्पद जागेतून एक, फार तर दोन बायोप्सी घ्याव्यात, हेलिकोबॅक्टर जिवाणूची तपासणी करावी. ईएसडी झाल्यानंतरही उरलेल्या जठरात नवा कर्करोग उगवू शकतो आणि हा जिवाणू घालवल्याने तो धोका कमी होतो, हे जपान आणि कोरियातल्या चाचण्यांत दिसले आहे. रुग्ण रक्त पातळ करणारी कोणती गोळी घेतो ते चिठ्ठीत ठळक लिहावे. आणि त्या चिठ्ठीसोबत बायोप्सीची मूळ स्लाइड आणि तिचा तुकडा ज्या मेणात बसवला आहे तो ब्लॉकही रुग्णाच्या हाती द्यावा, म्हणजे पुढच्या केंद्रात केवळ खात्रीसाठी त्याच जागी पुन्हा चिमटा लावावा लागणार नाही.